बारा मार्च

केणी मंडपवाल्यांचा फोन आला:
बारा मार्चला ठाण्यात कधी पाऊस पडलाय का हो?
मैदान उघडं, मुलीची आई हटून बसलीय,
ताडपत्रीचे पैसे देणार नाही म्हणते.
त्या वह्या तुमच्याकडेच आहेत ना, नाखवांच्या?

आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, बेचाळीस.
वाळवीनं सत्तर सालाचा कोपरा खाल्ला
आणि थांबली.
आकडे पचले नसावेत.

मी बेचाळीस वेळा बारा मार्च उघडतो.
मधले दिवस अंगठ्याखालून सर्रकन निघून जातात,
त्यांच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

अठ्ठावन्न. कमाल चौतीस पूर्णांक दोन.
किमान वीस. वारा वायव्य, मंद. पाऊस शून्य.
खाली सही: हरेश्वर बा. नाखवा,
मिठागर कचेरी, कोपरी.
एकोणसाठ, शून्य. साठ, शून्य.
शून्य टाकानं काढलेलं, सावकाश,
तोंड नीट मिटवलेलं.
मिठागरात शून्य म्हणजे काहीच नाही असं नसतं.
शून्य म्हणजे मीठ धरलं,
शून्य म्हणजे शनिवारी मजुरी.

सहासष्ट. अडतीस पूर्णांक सहा.
शेरा: सकाळपासून पूर्वेचा वारा, पारसिकच्या डोंगरावरून,
खाडी ओलांडूनही गरमच.
चारनंतर पश्चिमेनं दया केली.
(‘दया’ खोडून ‘वळला’ लिहिलंय.
सरकारी वही.)

त्र्याहत्तर.
पाऊस दोन पूर्णांक चार मिलिमीटर.

माझं बोट तिथंच राहतं.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात:
पाऊस नव्हे. पोरांचा उपद्व्याप.
मापक धुऊन, उन्हात वाळवून परत ठेवला.

आम्ही तिघं होतो.
पैज लागली होती, कुणाची धार नेमकी नळकांड्यात पडते.
मी नऊ वर्षांचा, आणि जिंकलो होतो.
नाखवा कचेरीच्या दारात उभे होते, हे आम्हांला
पळताना कळलं.
घरी तक्रार येईल म्हणून आठवडाभर
मी जेवताना मान वर केली नाही.
तक्रार आली नाही.
त्यांनी आधी मोजलं. मग धुतलं.
मग नावं न घालता लिहिलं.

चौऱ्याऐंशीपासून साताचं शेपूट बदलतं.
पूर्णांक गळून जातात, सगळे आकडे अख्खे.
सही मात्र त्यांचीच, ओळ सोडून खाली घसरलेली.
मोतीबिंदू. पारा वाचायच्या मथुराबाई,
चौथीपर्यंत शिकलेल्या.
वाऱ्याच्या रकान्यात त्यांनी दिशा लिहिली नाही,
त्यांना ठाऊक होतं ते लिहिलं:
सत्त्याऐंशी, लुगडं दोन तासांत वाळलं.
एकोणनव्वद, पापड उडाले, शेजारच्यांनी आणून दिले, तीन कमी.
ब्याण्णव, काही हलत नाही.
वरच्या ऑफिसातून कुणी हरकत घेतल्याची
कुठं नोंद नाही.

नव्याण्णव, शेवटची वही.
कमाल सदतीस. पाऊस शून्य.
वारा: कुंपणापलीकडे भिंत आली,
आता इथून समजत नाही.

केणींना उलटा फोन लावतो.
नाही पडला. बेचाळीस वर्षांत नाही.
एकदाही नाही?
मी क्षणभर गप्प.
एकदाही नाही.
लेखी द्याल का?
देतो. त्या बाईंना सांगा, ताडपत्री नको.
पण पूर्वेच्या बाजूला कनात लावा, जाड.
दुपारभर झळा तिकडूनच येतील.
पंगत चारनंतर बसवा,
तेव्हा कनात सोडून द्या,
पश्चिमेचा वारा वळतो,
टॉवरांनी वाट दिली तर.